नसलेला अंक

२ जानेवारी २०२५, गुरुवार

ही डायरी आमच्या प्रभागातल्या एका भावी नगरसेवकाने भेट दिली. पहिल्या पानावर त्याचा फोटो, दुसऱ्यावर त्याच्या नेत्याचा, तिसऱ्यावर दोघांचा मिळून. म्हणजे माझं वर्ष चौथ्या पानापासून सुरू होतं. सत्तावीस वर्षं दर मंगळवारी लोकांसाठी लिहिलं, आता स्वतःसाठी लिहून बघू. वाचक कमी होत जाण्याची सवय झालेलीच आहे.

तर बातमी अशी, की ‘दैनिक भोंगा’ बंद होणार. निरंजनने सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं. निरंजन म्हणजे आमच्या अण्णांचा मुलगा. अण्णांनी पेपर काढला तेव्हा ते संपादक होते, हा सीईओ आहे. आणि कॉन्फरन्स रूम म्हणजे पूर्वीची छपाईचे खिळे जुळवायची खोली, मधोमध आता एक काचेचं टेबल.

“गुरूकाका, प्रिंट आता इमोशन आहे, बिझनेस नाही,” तो म्हणाला. शेवटचा अंक पाडव्याला. नंतर फक्त पोर्टल, ‘भोंगा लाईव्ह’.

“अरे, पाडव्याला लोक दुकान उघडतात.”

“मग पाडव्याच्या जाहिराती सोडायच्या का काका?”

अण्णांचाच मुलगा, शंका नाही.

माझ्याकडे दोन कामं दिलीत. एक, फाईल खोली रिकामी करायची. १९७९ पासूनचे बांधीव अंक आहेत. त्यातले महत्त्वाचे स्कॅन करायचे, बाकीचे रद्दीत. महत्त्वाचं काय, ते मी ठरवायचं. दुसरं काम म्हणजे शेवटच्या अंकात माझ्या ‘तिसरी पाळी’ सदराचा निरोपाचा लेख, पहिल्या पानावर. “व्हायरल जाईल काका,” म्हणाला. माझ्या लहानपणी ताप व्हायरल असायचा.

घरी पद्माला सांगितलं. ती शाळेच्या वह्या तपासत होती. म्हणाली, “आमटी गरम करून घ्या.” मग चार वह्या झाल्यावर लाल पेन खाली ठेवून म्हणाली, “मला वाटत होतं, पेपर कधीच बंद झालाय आणि तुम्ही घरी सांगत नाही आहात.”

९ जानेवारी, गुरुवार

फाईल खोली उघडली. किल्ली भिमाजीकडे असते. भिमाजी आमचा शिपाई, मूळचा चिखलीचा, अण्णांच्या वेळेपासूनचा. आत डांबरगोळ्या, वाळवीचं औषध आणि शाई यांचा मिळून एक वास आहे. तरुणपणी तो वास शर्टाला लागायचा आणि पद्मा नाक मुरडायची. आज घरी गेल्यावर तिने शर्ट हातात घेऊन बराच वेळ धरला. धुवायला टाकायचा होता, विसरली असेल.

“शहाण्णव सालाला वाळवी लागलीय, अन नव्व्याण्णव निम्मं उंदरांनी वाचलंय,” भिमाजीने अहवाल दिला.

“आपले नियमित वाचक तेवढेच राहिलेत.”

“व्हय. पण बिल देत न्हाईत.”

दोन तास काम करायचं म्हणून बसलो आणि दोन तास वाचत बसलो. ८८ सालची जाहिरात: ‘पाहिजेत. टर्नर, फिटर, ग्राइंडर. आयटीआय पास. स्वतःची सायकल असल्यास प्राधान्य.’ तेव्हा पहिल्या पाळीच्या कंपनीच्या बसमध्ये एक ‘भोंगा’ चढायचा आणि पानापानाने वाटला जायचा. खेळाचं पान ड्रायव्हरच्या केबिनमध्ये, राशिभविष्य मागच्या सीटवर, निधनवार्ता वयस्कर लोकांकडे. बस भोसरीत पोचेपर्यंत अंक तीसजणांनी वाचलेला असायचा आणि परत जुळवताना एक पान कमी भरायचं, ते ‘पाहिजेत’चं. कुणीतरी घडी करून खिशात घातलेलं असायचं. ज्याच्या खिशात ते पान, तो महिन्याभरात कंपनी सोडणार, हे फोरमनलासुद्धा माहीत असायचं. आता त्याच बसमध्ये पन्नास माना पन्नास मोबाईलमध्ये वाकलेल्या असतात. कुणी कुणाला “ते पान द्या हो इकडे” म्हणत नाही. कोण कंपनी सोडणार, याचाही पत्ता लागत नाही.

महत्त्वाच्या अंकांची पहिली यादी केली. सव्वीस निघाले. त्यातले एकोणीस माझे.

त्यांत ‘एकट्याची कंपनी’ अर्थातच आहे. जून ९९. भोसरीतली एक स्प्रिंगा बनवणारी कंपनी बंद पडली होती, संघटनेने तडजोड केली, सगळ्यांनी सह्या करून पैसे घेतले. एक कामगार मात्र रोज पहिल्या पाळीच्या वेळेला गणवेश घालून गेटसमोर येऊन बसायचा, डबा खायचा, साडेतीनला उठून घरी. असे सात महिने. त्याच्यावर मी लिहिलं आणि सगळी औद्योगिक नगरी हसली. नवव्या दिवशी तो माणूस गेटवरून उठला. “गुरुदत्त, याला म्हणतात लेखणी,” अण्णा म्हणाले होते. जिल्ह्याच्या पत्रकार संघाने पुरस्कार दिला. पत्रकारितेच्या पोरांना शिकवायला जातो तेव्हा पहिली गोष्ट हीच सांगतो.

निरोपाच्या लेखाचं पहिलं वाक्य सुचलं: ‘भोंगा वाजायचा थांबला, की कळतं तो वाजत होता.’ वाईट नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

आज एक बाई आल्या. साठीच्या पुढच्या, उंच, नऊवारी नीट नेसलेली, हातात कापडी पिशवी. मंजुळाबाई नाव. मूळच्या लातूरकडच्या, चाळीस वर्षं झाली इकडे येऊन, आता मोशीला राहतात.

“जिन्यात कागद लावलाय, पाडव्याला पेपर बंद होनार म्हणून,” त्या आल्या आल्या म्हणाल्या. “म्हणून म्हणलं, आधी जावं.”

वॉचमनने सांगितलं असणार. तो सगळ्यांना ती बातमी सांगतो, जणू त्याच्या घरचं कार्य आहे.

“आमच्या ह्यांचा फोटो आलता तुमच्या पेपरात. मांडीवर डबा घेतलेला. हे गेले ऑक्टोबरात. तो अंक पायजे.”

“कधीचा?”

“वर्षाली पाचवीत गेली तवाचा. शाळा नुकतीच सुरू झालती. वह्यांना कवर घालायला पेपर आनला, तर त्यात हे.”

“साल?”

“मी न्हाई शिकलेली, साहेब. मला कुठं वाचायला येतंय. साल तुमी काढा.”

नवरा ज्योतीराम, भोसरीत कामाला. लेक वर्षाली आता छत्तीसची. गणित केलं, ९९ चा जून. डबा घेतलेल्या कामगारांचे फोटो आम्ही इतके छापलेत की एक ‘डबा विशेषांक’ निघेल. बघतो म्हटलं. जाताना भिमाजीने चहा दिला तर त्या म्हणाल्या, “पेपर सापडल्यावर घेईन.” लोक नवस बोलतात तसं.

३ फेब्रुवारी, सोमवार

सापडला. मंगळवार, २२ जून १९९९. पहिल्या पानावर वर्ल्डकपच्या फायनलचा शिळा काथ्याकूट आणि पान चारवर मांडीवर डबा घेतलेला, गणवेशातला माणूस, फोटोबाहेरच्या कुणाकडे तरी बघून हसणारा. उंदरांनी पान तीनचं राशिभविष्य खाल्लंय आणि तिथेच थांबलेत.

फोटोच्या वर मथळा: ‘एकट्याची कंपनी’.

म्हणजे तो हा. ज्योतीराम. लेखात मी नाव दिलं नव्हतं, कारण मला ते माहीतच नव्हतं.

उभ्याने वाचला. खरं सांगायचं तर लेख अजून चांगला आहे. हा भाग उतरवून ठेवतो: ‘कंपनी बंद, यंत्रं बंद, भोंगा बंद, चालू आहे तो फक्त डबा. सात तासांची जेवणाची सुट्टी असलेला हा जगातला एकमेव कामगार. साऱ्यांनी सह्या केल्या, हा अडून बसला, कारण अडून बसलेल्याला चार पैसे जास्त मिळतात हे त्याला कुणीतरी सांगितलेलं दिसतं. घरी विचारलं तर बायको म्हणते, घरात लोळण्यापेक्षा गेटावर लोळा, निदान पंख्याचं बिल तरी वाचेल.’

शेवटच्या वाक्यावर लोक बसमध्ये आडवे झाले होते. मला नंतर वर्षभर लोक भेटून तेच वाक्य म्हणून दाखवायचे.

मी घरी विचारलं नव्हतं. गेटवरही गेलो नव्हतो. फोटोग्राफरने फोटो आणला, चहावाल्याने दोन गोष्टी सांगितल्या आणि बाकीचं मी टेबलावर बसून रचलं. तेव्हा असं चालायचं. आताही चालतं म्हणा, फक्त टेबल लागत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आठवडा गेला, मंजुळाबाईंना निरोप दिलेला नाही. आज भिमाजीने परस्पर फोन करून टाकला. उद्या येतायत.

काय करायचं ते ठरवलंय. त्यांना वाचता येत नाही. फोटो दाखवायचा, चार ओळी चांगल्या म्हणायच्या आणि फोटोपुरतं पान कापून लॅमिनेट करून द्यायचं. पेपरात नाव आलं की कात्रण लॅमिनेट करून देवाशेजारी टांगतात, ही इथली पद्धतच आहे. लेख कोण वाचतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मंजुळाबाईंनी पिशवीतून चष्मा काढून लावला आणि पान मांडीवर घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. आधी फोटो, मग फोटोच्या खालीसुद्धा. वाचता येत नसताना चष्मा कशाला, असं मनात आलं. पण तांदूळ निवडायला लागतोच.

“हसायलेत ते माझ्याकडं बघून,” त्या म्हणाल्या. “मी डबा द्यायला गेलते. ह्यो बघा माझा पदर.”

फोटोच्या डाव्या कडेला बोटभर रुंदीची काठाची पट्टी आहे. पंचवीस वर्षं हा अंक माझ्या पुरस्काराबरोबर फिरला, पण ती पट्टी मला कधी दिसली नव्हती.

“वाचून दावा की,” त्या म्हणाल्या.

मी वाचलं. म्हणजे कागदाकडे बघून बोललो. ‘कंपनी बंद झाली तरी कामावरची निष्ठा न सोडणारा हा कामगार आजच्या पिढीपुढे आदर्श आहे. त्याच्या धीरोदात्त मुद्रेवर…’ वगैरे. नेत्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या लिहून हात बसलाय, अडखळलो नाही. लेखापेक्षा जास्त वाचलं गेलं बहुतेक.

त्या ऐकत होत्या. माझ्याकडे नाही, कागदाकडे बघत.

“असं न्हवतं ह्यात,” त्या शेवटी म्हणाल्या.

“म्हणजे?”

“हे मला वाचून दावायचे ना त्या टायमाला. दोन-चार येळा वाचलंय. त्यात आदर्श-बिदर्श काय न्हवतं. हे कुनासाठी बसलेत ते होतं. नावं होती अकरा जनांची. अन माझंबी होतं त्यात.” त्यांनी पानाची घडी घालून माझ्यासमोर ठेवली. “ह्यो न्हाई तो अंक. दुसरा असंल. हुडका जरा, भाऊ. पाडव्याला अजून टाईम हाय.”

पान न नेताच गेल्या. चहा आजही घेतला नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

म्हणजे ज्योतीरामने बायकोला माझा लेख वाचून दाखवताना बदलला. जे छापलं होतं ते सोडून स्वतःचं काहीतरी वाचलं, तिला वाईट वाटू नये म्हणून. आणि काल मी तेच केलं, फक्त वाईट. माझ्यापेक्षा बरा लेखक निघाला.

पद्माला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. ती म्हणाली, “ती बाई काय ऐकेल, ते तुम्ही काल ठरवलंत. ती काय बोलली, ते तेव्हा ठरवलं होतंत.”

“तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो.”

“आणि काल?”

शिक्षिकेशी लग्न केलं की घरात कायम तोंडी परीक्षा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मे ते ऑगस्ट ९९ चे सगळे अंक पुन्हा चाळले. नसलेला अंक शोधतोय, हे मला माहीत आहे. तरी चाळतोय. समज, दुसऱ्या कुणी त्याच्यावर लिहिलं असेल. एखादं वाचकाचं पत्र असेल.

“काय हुडकताय एवढं?” भिमाजी म्हणाला.

“जो छापलाच नाही तो अंक.”

“मग सापडंल की. छापल्याले उंदरांनी नेले.”

पत्र नाही. बातमी नाही. २ जुलैच्या अंकात एक चौकोन मात्र आहे: ‘भोसरीतील कंपनीचा वाद अखेर मिटला. शेवटच्या कामगाराची सही.’ आणि मी लगेच पुढच्या मंगळवारी लिहिलेलं वाक्य: ‘डबा संपला वाटतं.’ हे मी विसरलो होतो.

निरंजनला रद्दीवाला घाई करतोय. निम्मी खोली गेली. ८० ते ८६ टेम्पोत चढताना पाहिली. हातगाडीवर असती तर बरं वाटलं असतं, टेम्पोत फार लवकर जातं.

निरोपाच्या लेखाची आठ वाक्यं झालीत. आठही चांगली आहेत आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

१० मार्च, सोमवार

मोशीला गेलो. इंद्रायणीकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन खोल्या, समोर बावीस मजली टॉवर, त्यामुळे दुपारीसुद्धा घरात संध्याकाळ. वर्षालीही होती, रावेतहून आली होती.

मंजुळाबाईंना सांगितलं, अंक सापडत नाही.

“मला म्हाईत हाय,” त्या म्हणाल्या. मग पुढे, “उंदरानं खाल्ला असंल.”

मी म्हटलं, ज्योतीराम जे वाचून दाखवायचे ते आठवतंय का? सांगा, मी लिहून घेतो. त्यांना तेच हवं असावं, इतक्या सरळ सुरुवात केली. मी कागद काढेपर्यंत दोन वाक्यं होऊनही गेली होती.

ज्योतीराम कायम कामगार होता. भट्टीवर अकरा पोरं कंत्राटाची होती. मस्टरवर त्यांचं नाव नाही, म्हणून तडजोडीतही नाही. एकाही कायम कामगाराची सही राहिली, तर वाद मिटला असं कागदोपत्री होत नव्हतं. ज्योतीरामने सही ठेवली. ‘ह्या अकरांची नावं लिवा, मग करतो,’ म्हणाला, आणि रोज गेटवर जाऊन बसला, म्हणजे मालकाच्या माणसांच्या डोळ्यांसमोर राहावं. मंजुळाबाईंनी नावं सांगितली. रणजीत, सोनू, दोन धनेश, एक जाडा आणि एक बारीक. मोजत मोजत अकराव्यापर्यंत आल्या, कुठे अडल्या नाहीत.

“घरात काय चाललं असंल, तेबी होतं त्यात,” त्या म्हणाल्या. “मी पंचवीस डबे करायची तवा, दुसऱ्या कंपन्यांतल्या पोरांचे. घर त्याच्यावर. सव्विसावा ह्यांचा. मी म्हनायची, तुमी बसा, मी हाय. हे होतं बघा त्यात, असंच्या असं. बायको म्हनाली, तुमी बसा, मी हाय.”

मी लिहून घेतलं.

“मग सही का केली त्यांनी?” हे मी विचारलं. का विचारलं कळत नाही.

“दुसऱ्या कुठल्या पेपरात कायतरी वंगाळ आलतं म्हनं. लोक बसमधनं जाताना ह्यांना बघून पंखा-पंखा म्हनून वरडायचे. ती अकरा पोरंबी मग यायची बंद झाली भेटायला. लाजली. नवव्या दिवशी हे गेले अन सही करून आले.”

“कुठल्या पेपरात?”

“काय की. मला कुठं वाचायला येतंय.”

वर्षाली मधेच म्हणाली, “काका, एवढं आहे तर तुमच्या पोर्टलवर टाका ना. लिंक द्या, मी सगळ्या ग्रुपवर टाकते.”

“मोबाईलवर नको,” मंजुळाबाई म्हणाल्या. “त्यावर रोज कोन ना कोन मरतंय अन दुपारी उठून बसतंय. छापलेलं कुनाला पुसता येत न्हाई. छापून पायजे. पेपर हाय तवर.”

चहा आला. मी घेतला. त्यांनी स्वतःसाठी केला नव्हता.

१८ मार्च, मंगळवार

आज नेहमीचं सदर चाकणच्या ट्रॅफिकवर लिहिलं. पंचेचाळिसाव्यांदा. ट्रॅफिक जागचं हललेलं नाही, मी तरी का हलू.

चूक दुरुस्त करायचा आमच्याकडे एक रिवाज आहे. चूक मथळ्यात, दुरुस्ती पान सहावर, बाजारभावाच्या खाली, कांद्याच्या दरापेक्षा बारीक अक्षरात. ‘अनवधानाने छापले गेले. दिलगीर आहोत.’ अशा किमान शंभर दुरुस्त्या मी स्वतः लिहिल्यात. त्या कुणी वाचू नयेत याची काळजी घेऊन लिहायच्या असतात.

त्या जागी चार ओळी देता येतील. निरंजनला विचारावंही लागणार नाही. वर्षालीने कात्रण कापलं, की झालं.

निरोपाचा लेख पूर्ण झाला. पद्माने वाचला. “छान आहे,” म्हणाली. सत्तावीस वर्षांत तिने माझ्या लेखाला छान म्हटलेलं नाही. चूक काढायचे कष्टसुद्धा घ्यावेसे वाटले नाहीत.

२६ मार्च, बुधवार

शेवटच्या अंकाची आखणी. चोवीस पानं, त्यातली एकोणीस शुभेच्छांची. सर्वपक्षीय नेते ‘भोंगा’ला पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा देतायत. एकाने बंद पडण्याच्या मुहूर्तावर वर्धापनदिनाची जाहिरात पाठवली. लावून टाका म्हटलं.

निरोपाचा लेख मागे घेतला. त्याच्या जागी दुसरा दिला. निरंजनने तो काचेच्या टेबलावर ठेवून वाचला.

“काका, हे काय आहे?”

“दुरुस्ती.”

“पहिल्या पानावर? शेवटच्या दिवशी? पंचवीस वर्षांपूर्वीची? अहो, हे कुणाला आठवतंय?”

“एकीला.”

“याच लेखाला आपल्याला पुरस्कार आहे. खाली रिसेप्शनला लावलाय. आणि तुमचा निरोप? मी त्याचा टीझर टाकलाय, चौदाशे लाईक आहेत.”

“त्यांना सांग, काका आजारी आहे.”

“पान सहावर घ्या ना. बाजारभावाखाली.”

हेच मी आठ दिवसांपूर्वी स्वतःला सांगितलं होतं, म्हणून त्याच्यावर रागवता आलं नाही. म्हटलं, “निरंजन, टर पान चारवर उडवली होती, फोटोसकट. कांद्याखाली नाही बसणार तिची दुरुस्ती.”

त्याने टेबलाच्या काचेत स्वतःकडे बघितलं. मग म्हणाला, “बाबांनी छापला असता का हा?”

“नसता छापला.”

“मग छापा,” तो म्हणाला. मला वाटतं, गेल्या तीन महिन्यांत त्याला पहिल्यांदाच मजा आली.

लेखाचा पहिला परिच्छेद लिहायला चार दिवस लागले. उरलेला मंजुळाबाईंचा आहे, त्यात मी काना-मात्रेलाही हात लावला नाही. त्यांनी सांगितलेली अकराही नावं आहेत. फोटो तोच. फोटोची डावी कड कापू नका, असं पान लावणाऱ्याला दोनदा बजावलं.

एक चिंता आहे. तो पहिला परिच्छेद त्यांच्या कानावर जाणारच, वर्षाली वाचून दाखवेल. ‘वंगाळ’ लिहिणारा दुसरा पेपर नव्हता, हे त्यांना कळेल. मी निघून आल्यावर कळलेलं बरं.

३० मार्च, रविवार, पाडवा

सकाळी पाच अंक घेऊन मोशीला गेलो. चौकातल्या विक्रेत्याने शेवटचा ‘भोंगा’ म्हणून माझ्याकडून पैसेच घेतले नाहीत. बावीस मजल्यांवर बावीस गुढ्या, खाली मंजुळाबाईंची एक, कडुनिंब ताजा. वर्षाली स्वयंपाकघरात होती.

मंजुळाबाईंनी चटई टाकली, त्यावर अंक पसरला. फोटोवरून हात फिरवला, कडेच्या पट्टीपाशी थोडा थांबवला. मग म्हणाल्या, “वाचा.”

मी दुसऱ्या परिच्छेदापासून सुरुवात केली. ‘ज्योतीराम ह्यो मानूस स्वतःसाठी बसला न्हवता.’ सणाचा दिवस आहे, वरचं वर्षाली वाचेल, मी बस स्टॉपवर पोचल्यावर. दोन ओळी झाल्या असतील.

“वरनं वाचा की,” मंजुळाबाई म्हणाल्या. “वरचं सोडलंत.”

मी मान वर केली. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांचं बोट पहिल्या ओळीच्या पहिल्या शब्दाखाली होतं.

आतून फोडणीचा आवाज येत होता. तेवढ्या वेळात मला जानेवारीपासूनचं सगळं उलगडलं, ते लिहीत नाही.

“कधीपासून?” मी विचारलं.

“डबे गुंडाळायची ना तुमच्या पेपरात. गुंडाळता गुंडाळता,” त्या म्हणाल्या. “ह्यांना म्हाईत न्हवतं. ते लपवून ठेवायचे तो अंक. मीबी कळू दिलं न्हाई. वाचा आता.”

मी वरून वाचायला लागलो. ‘२२ जून १९९९ रोजी याच सदरात मी एका माणसाची टर उडवली. मी त्याच्याशी बोललो नव्हतो, त्याचं नावही मला माहीत नव्हतं.’ बोट माझ्यापेक्षा अर्धा शब्द पुढे चाललं होतं. ‘त्याच्या बायकोला मी कधी भेटलो नव्हतो. तिच्या तोंडी घातलेलं वाक्य…’ इथे मी थांबलो.

बोट त्या शब्दाखाली थांबलं. त्यांनी घाई केली नाही, स्वतःही पुढे वाचलं नाही. वर्षालीने पाणी आणून ठेवलं, ते प्यालो. बोट तिथेच होतं.

मग मी म्हटलं, ‘तिच्या तोंडी घातलेलं वाक्य मी टेबलावर बसून रचलं होतं,’ आणि ते पुढच्या ओळीकडे सरकलं.